शेअर घ्यावा केव्हा?



संत्र्यांचा हंगाम आला की काटोल-नरखेडकडचा बागाईतदार माल घेऊन नागपुरात कळमन्याच्या बाजारात येतो. आज भाव काय निघाला, हे तो विचारतोच. पण तेवढ्यावर त्याचे समाधान होत नाही. ‘गेल्या पंधरवड्यात भाव कसा चालला?’ हेही तो विचारून घेतो. एका दिवसाचा भाव लहरी असतो. कधी गाड्या जास्त येतात, कधी परगावचा व्यापारी येत नाही, कधी पाऊस लागतो, आणि भाव कोसळतो. पंधरा दिवसांचा भाव मात्र बाजाराची चाल सांगतो. बागाईतदाराची ही जी रीत, तीच शेअरबाजारात नेली की आजचा आपला विषय निम्मा समजला म्हणा.

हा विषय खेड्यापाड्यांतल्या माणसासाठी कशाला, असे कोणी म्हणेल. पण आता शेअर घ्यायला मुंबईला दलाल स्ट्रीटवर जावे लागत नाही. हातातल्या मोबाइलवरून, शेताच्या बांधावर बसूनही तो घेता येतो. घेणे सोपे झाले, म्हणून तर विचार करून घेण्याची गरज वाढली.

मागे माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक घरी आले. फंडाची रक्कम नुकतीच हाती पडलेली. एका शेअरचा भाव रोज चढतो आहे, शेजारीपाजारी घेताहेत, आपणही घ्यावा का, असे विचारू लागले. मी म्हटले, ‘‘मास्तर, त्या शेअरची दोनशे दिवसांची सरासरी किती आहे?’’ मास्तर हसले. ‘‘तीस वर्षे पोरांना सरासरी शिकवली, पण ती इथे लावायची असते हे काही सुचले नाही बघा!’’

ही सरासरी साधी नव्हे, सरकती असते. म्हणजे काय ते पाहू. समजा, एका शेअरचे पाच दिवसांचे भाव असे आहेत : 100, 104, 102, 106 आणि 108 रुपये. बेरीज 520. पाचाने भागले, सरासरी 104. सहाव्या दिवशी भाव झाला 110. आता सर्वांत जुना आकडा, म्हणजे 100, काढून टाकायचा आणि नवा 110 घ्यायचा. बेरीज 530, सरासरी 106. सातव्या दिवशी बाजारात घबराट झाली आणि भाव एकदम 90 वर आला. पुन्हा जुना 104 गेला, नवा 90 आला. बेरीज 516, सरासरी 103 रुपये 20 पैसे. पाहा, भाव एका दिवसात वीस रुपयांनी पडला. सरासरी मात्र तीन रुपयेसुद्धा हलली नाही. रोज एक आकडा मागून गळतो, एक पुढून येतो, म्हणून हिला सरकती सरासरी म्हणायचे.

शेअरबाजारात दोनशे दिवसांची सरासरी फार वापरतात. शनिवार, रविवार आणि सणवार वगळता वर्षातून सुमारे अडीचशे दिवस बाजार चालतो. तेव्हा दोनशे दिवस म्हणजे साधारण साडेनऊ महिने झाले. ज्यांना वहीवर हिशेब करायचा आहे त्यांनी गेल्या दहा महिन्यांचे महिनाअखेरचे भाव लिहून त्यांची सरासरी काढावी. जवळजवळ तेच उत्तर येते, आणि महिन्यातून एकदाच पेन हाती धरावे लागते.

आता नियम असा की, भाव या सरासरीच्या वर असेल आणि सरासरी स्वतःही चढत असेल, तर बाजाराचा ओढा वरच्या दिशेने आहे असे समजायचे. भाव सरासरीखाली असेल आणि सरासरी उतरत असेल, तर घाई करायची नाही. शेअर कितीही स्वस्त दिसो.

याचा उपयोग काय, ते घडलेल्या गोष्टीवरून सांगतो. जानेवारी 2008 मध्ये मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक, ज्याला सेन्सेक्स म्हणतात, तो 21,000 च्या वर गेला होता. त्या दिवसांत ज्याला त्याला शेअर हवा होता. त्याच महिन्यात बाजार घसरला आणि लवकरच निर्देशांक आपल्या लांब सरासरीखाली गेला. त्या वेळी पुष्कळांनी ‘आता स्वस्त मिळतो आहे’ म्हणून खरेदी केली. पुढे आणखी स्वस्त झाला, मग त्याहून स्वस्त. 9 मार्च 2009 रोजी तो 8,160 वर बंद झाला. सरासरी पाहणारा माणूस हे सारे महिने हात आवरून बसला असता. एप्रिल-मेच्या सुमारास निर्देशांक पुन्हा सरासरीच्या वर आला. 18 मे 2009 रोजी, लोकसभेच्या निकालानंतर, तो एकाच दिवसात 2,100 अंशांहून अधिक चढला. निर्देशांक सरासरीच्या वर येताच खरेदी करणारा त्या दिवशी बाजाराबाहेर नव्हता.

पण थांबा. इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी तुम्हाला अर्धेच सांगितले असे होईल. 8,160 चा तळ या माणसाला सापडला नाही. सरासरीने हाक दिली तोवर निर्देशांक तळापासून बराच वर आला होता. 2020 मध्येही तसेच झाले. करोनाच्या भीतीने 23 मार्चला सेन्सेक्स 25,981 वर आला. सरासरीच्या वर तो परत गेला जुलैच्या सुमारास, तेव्हा छत्तीस हजारांच्या पुढे होता. म्हणजे सरासरी उशिराच बोलते. ती मागच्या आकड्यांवर उभी आहे, तिला पुढचे दिसत नाही. ओढ्याला पूर येऊन गेला की काठावर गाळाची रेघ राहते. पाणी कुठवर चढले होते ते तिच्यावरून कळते, उद्या किती चढेल ते नाही.

दुसरा दोष असा की, बाजार कधी कधी धड वर जात नाही, धड खाली येत नाही. भाव सरासरीच्या आज वर, आठवड्याने खाली, पुन्हा वर. अशा वेळी प्रत्येक वेळी घ्या-विका करणाऱ्याचा दलालीत आणि करात चुराडा होतो.

मग ही रीत खरी की खोटी? अमेरिकेत 1992 साली तीन अर्थशास्त्रज्ञांनी तिकडच्या डाऊ निर्देशांकाचे 1897 ते 1986 पर्यंतचे भाव तपासले. सरासरीच्या नियमात काही तथ्य आहे, असे त्यांना आढळले. पुढे 1999 साली दुसऱ्या अभ्यासकांनी त्यानंतरची दहा वर्षे तपासली, तेव्हा तो लाभ टिकलेला दिसला नाही. तेव्हा हा काही देवीचा कौल नव्हे. हा उतावळ्या हाताला घातलेला लगाम आहे, आणि तेवढाच मानावा.

आणखी एक गोष्ट सरासरी कधीच सांगत नाही. कंपनी चांगली की वाईट, हे तिला ठाऊक नसते. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली आणि एका दिवसात त्या शेअरची धूळधाण झाली. दोनशे दिवसांच्या आकड्यांत त्या खोट्या वह्यांचे नाव नव्हते.

याच्या उलट आपल्या नागपूरचीच गोष्ट घ्या. जमशेटजी टाटांनी 1874 साली पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी काढली आणि 1 जानेवारी 1877 रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जवळ, रेल्वे आलेली, कोळसा वरोऱ्याला. म्हणून त्यांनी नागपूर निवडले. गिरणीसाठी घेतलेली जागा दलदलीची होती, ती मातीने भरून घ्यावी लागली. असे सांगतात की, गावच्या एका सावकाराने, हा माणूस सोने मातीत घालतो आहे म्हणून पैसे द्यायचे नाकारले. आणि पुढे गिरणीची भरभराट पाहून, त्याने माती घालून सोने काढले, अशी कबुली दिली. नव्या कंपनीला मागचे भावच नव्हते, तिथे सरासरी कुठली? तिथे माणूस, जागा आणि धंदाच पारखायला हवा होता. आणि तीच गिरणी, शंभरावर वर्षे चालून, 2002 मध्ये बंद पडली. म्हणून चांगली कंपनीही एकदा पारखून भागत नाही.

तेव्हा क्रम ध्यानात ठेवा. आधी कंपनी पाहा : नफा खरा आहे का, कर्ज किती, चालवणारे कसे. ती पसंत पडली, मगच सरासरी पाहा. भाव वर आणि सरासरीही चढती असेल, तर घ्या. पण सगळी रक्कम एका दिवशी नको, हप्त्याहप्त्याने घ्या. आणि बियाण्याचे, मुलांच्या फीचे, दवाखान्याचे पैसे या बाजारात आणूच नका. वहीतले उत्तर चुकले तर खोडता येते. घरातला दाणा गेला तर तो सरासरीने परत येत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. सरासरीचा धडा शिकवताना मुलांकडून गावच्या बाजारातील कापसाचा भाव दर आठवड्याला फळ्यावर लिहून घ्या आणि चार आठवड्यांची सरकती सरासरी काढायला लावा. गणितही होईल, आणि उद्या ‘महिन्यात दुप्पट’ म्हणणाऱ्या माणसाला ‘आधीचे आकडे दाखवा’ म्हणण्याची सवयही लागेल.

आता मास्तरांचे काय झाले, ते राहिलेच. त्यांनी माझ्यासमोर दहा महिन्यांचे भाव लिहिले. तेव्हाचा भाव सरासरीच्या जवळजवळ दीडपट निघाला. मास्तर थोडा वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘एका चाचणीत नव्वद मार्क पाडले म्हणून मी कधी पोराला हुशार म्हटले नाही. याला तरी का म्हणू?’’ फंडाची बहुतेक रक्कम त्यांनी बँकेत ठेवली आणि महिन्याला थोडी थोडी रक्कम गुंतवायचे ठरवले.

त्या शेअरचे पुढे काय झाले, ते मी सांगत नाही. कारण भाव वाढला असे सांगितले तर तुम्ही मास्तरांना भित्रे म्हणाल, आणि पडला असे सांगितले तर द्रष्टे म्हणाल. ते दोन्ही नव्हते. आपल्या तीस वर्षांच्या कमाईचा निर्णय त्यांनी शेजाऱ्याच्या बोलण्यावर नव्हे, तर स्वतःच्या हातच्या हिशेबावर घेतला, एवढेच.