इसबाच्या कातडीला रोजचं तेल



काठी, मोलगी, डाब या सातपुड्याच्या वरच्या अंगाला पौष-माघातली थंडी कशी असते, ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. डाबकडे काही पहाटे दव गोठून पांढरं होतं. याच दिवसांत इसब असलेल्या मुलांची कातडी सगळ्यांत आधी फुटते. गाल खरखरीत होतात, कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यामागे लाल चट्टे उठतात, रात्री खाजवून रक्त निघतं. मूल झोपत नाही आणि त्याची आईही झोपत नाही. या दुखण्याने जीव जात नाही, म्हणून घरात त्याची फारशी गणती होत नाही. मला हे मान्य नाही. रात्रभर जागलेलं मूल सकाळी आश्रमशाळेच्या बाकावर बसून काय शिकणार?

इसब लागट नाही. त्या मुलाची ताटली, त्याचं पांघरूण वेगळं ठेवायचं कारण नाही. रक्त बिघडल्यानेही ते होत नाही. आपल्या कातडीचा वरचा थर कुडाच्या भिंतीसारखा असतो. लिंपण शाबूत असेल तर वारा आत येत नाही. काही मुलांच्या कातडीत हे लिंपण जन्मापासूनच पातळ असतं. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी यामागचं एक कारण दाखवून दिलं. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असला, की कातडीतलं पाणी उडून जातं आणि साबण, धूळ, लोकर यांचा त्रास आत पोहोचतो. म्हणून औषधाइतकंच महत्त्व आहे ते रोज नव्याने लिंपण घालण्याला.

एक खूण मात्र ध्यानात असू द्या. घरातल्या दोघा-तिघांना एकदमच खाज सुटली, ती रात्री वाढली, बोटांच्या बेचक्यांत पुरळ दिसलं, तर ती बहुधा खरूज असते. खरूज लागट असते आणि तिचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं असतं. तिथे तेलाने काम भागणार नाही.

आता आंघोळीचं. कपड्यांच्या साबणाने पोरांना घासायची सवय अनेक घरांत आहे. त्यात पैसे वाचतात, हे खरं. पण निरोगी कातडी किंचित आंबट गुणाची असते आणि हा साबण क्षारयुक्त, दाहक गुणाचा. तो मळाबरोबर कातडीतला ओलावा धरून ठेवणारा स्निग्धांशही काढून नेतो. इसब असलेल्या मुलाला काखा, जांघा आणि पाय एवढ्यालाच सौम्य साबण पुरे. बाकी अंगाला नुसतं कोमट पाणी. कढत पाणी घटकाभर बरं वाटतं, मग खाज दुप्पट होते. दगडाने घासू नका. आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरका, जुन्या सुती लुगड्याने अंग टिपून घ्या, पुसू नका, आणि अंग ओलसर असतानाच तेल किंवा जेली लावा. दोन-तीन मिनिटांच्या आत. अंग कोरडं पडल्यावर लावलेल्या तेलाने आतलं पाणी तेवढं अडत नाही, त्यातलं बरंच आधीच उडालेलं असतं.

काय लावायचं? बिनवासाची पांढरी पेट्रोलियम जेली सगळ्यांत भरवशाची. खोबरेल तेलही चांगलं. फिलिपाइन्समध्ये इसबाच्या मुलांवर झालेल्या चाचणीत ते खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. तुमच्याकडचं मोहाच्या बियांचं तेल थंडीत थिजतं आणि अंगावर टिकून राहतं. ते ताजं, स्वच्छ गाळलेलं असेल आणि मुलाला मानवत असेल तर लावा, कडवट वास येऊ लागलेलं मात्र नको. आणि हात राखून लावू नका. अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला पाव किलोसुद्धा लागू शकतं. म्हणूनच महागडं सुगंधी लोशन थेंब थेंब पुरवण्यापेक्षा साधी जेली भरपूर लावलेली बरी. चट्टे दिसत नसतील तरी सकाळ-संध्याकाळ लावायचीच. घोंगडीखाली सुती कापड घाला, मुलाची नखं कापून ठेवा.

बिब्बा लावू नका, हे मी हात जोडून सांगते. आधीच फुटलेल्या कातडीवर बिब्बा उतला की फोड येतात, जखमा होतात आणि मूळ दुखणं बाजूलाच राहतं.

नंदुरबारच्या मिरची पथारीवर देठ खुडायला जाणाऱ्या बायांच्या हातांचंही बोललं पाहिजे. मिरचीचा जाळ पाण्याने निघत नाही, तो तेलात विरघळतो. घरी आल्यावर आधी हातांना तेल चोळून पुसून काढा, मग एकदा साबणाने धुवा, पुन्हा तेल लावा, आणि त्यानंतरच लेकराला घ्या.

आता होळीचं. काठीची राजवाडी होळी १२४६ सालापासून चालत आल्याचं सांगतात, आणि अंगाला राख फासून रात्रभर नाचणाऱ्यांच्या व्रतात मी ढवळाढवळ करणार नाही. ज्याला इसब आहे त्याने राख धुताना मात्र कोमट पाणी घ्यावं, घासू नये आणि लगेच तेल लावावं. दुसरं असं, की तेल आणि जेली मुरलेलं कापड लवकर पेटतं. अशा कपड्यातल्या मुलाला होळीच्या किंवा चुलीच्या जवळ बसवू नका.

दुकानातून स्वतःच्या मनाने मलमाची ट्यूब आणणं थांबवा. त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड असतं. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आणली, तरी ती मिळत राहतात. गजकर्णावर ती लावली की गजकर्ण पसरतं, आणि महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावली की कातडी पातळ होते. याचा अर्थ स्टेरॉइड विष आहे असा नाही. डॉक्टरांनी दिलेलं, सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावलं तर ते फार गुणाचं औषध आहे, भिऊन अर्ध्यात सोडू नका. चट्ट्यांतून पू आला, पिवळी खपली धरली, ताप आला किंवा दुखऱ्या फोडांचे घोस उठले, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात किंवा मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात जा.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जाताना गाठोड्यात जेलीची डबी आणि डॉक्टरांची जुनी चिठ्ठी असू द्या. तिकडे मुलाचं अंग पुन्हा फुटलं, तर ती चिठ्ठी तिथल्या डॉक्टरांपुढे ठेवा, म्हणजे आधी काय लावलं आणि किती दिवस लावलं ते त्यांना कळेल.