साज घडवणारी पेढी

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळच गुजरी आहे, सराफांची जुनी पेठ. तिथे साज, म्हणजे गळ्यातला पारंपरिक दागिना, घ्यायला गेलात, तर भावाच्या आधी एक विचारा: हा घडवला कुणी? स्वतःच्या कारागिरांकडून दागिना करून घेणारी पेढी याचं उत्तर लगेच देते. अशा पेढ्या टिकाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

साज हे एकट्याचं काम नाही. सोनं आटवून पातळ पत्रा काढायचा, ठशावर ठोकून एकेक पान उठवायचं, कडा डाग देऊन जोडायच्या, पोकळीत लाख भरायची. परंपरेच्या साजात अशी 21 पानं: 10 दशावतारांची, 8 अष्टमंगलांची, 2 माणिक-पाचूची आणि 1 ताईत. नखाएवढ्या पत्र्यावरचा मत्स्य मासाच दिसला पाहिजे, कूर्म कासवच. मधे जवमणी येतात, आणि शेवटी सगळं गाठवतो तो पटवेकरी. त्याची गाठ सैल पडली, की गळ्यात पान उलटं फिरतं.

या हातांवर मोठा घाला पडला तो जानेवारी 1963 मध्ये. सुवर्ण नियंत्रण आलं, नवा दागिना 14 कॅरटच्या वर करायचा नाही असं ठरलं. हे सोनं कडक. मऊ 22 कॅरटला सरावलेली हातोडी त्यावर चालेना. देशभर हजारो सोनारांच्या भट्ट्या विझल्या. 14 कॅरटची अट काही वर्षांत उठली, कायदा मात्र 1990 पर्यंत राहिला. त्या दिवसांत ज्यांनी कारागीर सांभाळले, त्यांचे उपकारच म्हणायचे.

2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. गिऱ्हाइकासाठी हे फार चांगलं झालं. पण तो शिक्का शुद्धतेपुरता. डाग नीट बसलाय का, लाख पुरी भरलीय का, हे पेढीनंच बघायचं असतं. साजाचं एखादं पान हरवलं, तर जोडीचं पान तिथेच मिळतं जिथे तो ठसा अजून जपलेला आहे. बाहेरून तयार माल आणणाऱ्या दुकानात अख्खा साज मोडीत घालायचा सल्ला मिळतो, आणि आजीच्या साजाची घडण वितळून जाते.

तेव्हा खरेदी करताना पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन, लाखेचं वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. दुरुस्ती इथेच होईल का, तेही विचारा. आणि कारखाना माडीवरच असेल, तर जिना चढून काम बघून या.