रेल्वेच्या चाकाचें मोजमाप

लांबच्या प्रवासांत गाडी मोठ्या स्थानकावर थांबली म्हणजे लांब दांड्याची हातोडी घेतलेला एक मनुष्य डब्यांच्या कडेनें चालत जाई व प्रत्येक चाकावर एकेक ठोका मारी. आपणांपैकीं कांहींना तो आठवत असेल. धड चाक घंटेसारखें खणखणतें, तडकलेलें बद्द वाजतें. माठ विकत घेतांना आपल्या घरांतील गृहिणीहि हीच परीक्षा करतात. परंतु या परीक्षेनें चाक तडकलें आहे कीं नाहीं याचा अंदाज येतो. तें किती झिजलें आहे, हें समजत नाहीं. आणि रेल्वेच्या चाकाची सगळी करामत त्याच्या आकारांत आहे.

रुळावर चालणारा चाकाचा भाग सपाट दिसला तरी वस्तुतः किंचित् निमुळता असतो. आंतल्या बाजूस व्यास थोडा अधिक, बाहेरच्या बाजूस थोडा कमी. दोन्ही चाकें एकाच आंसावर घट्ट बसविलेलीं असल्यामुळें एकाला दुसऱ्याहून वेगानें फिरतां येत नाहीं. वळणावर मात्र बाहेरच्या चाकास अधिक अंतर तोडावें लागतें. अशा वेळीं ती जोडी किंचित् बाहेर सरकते, बाहेरचें चाक आपल्या मोठ्या व्यासावर व आंतलें आपल्या लहान व्यासावर चालूं लागतें, आणि वळण साधतें. आंतल्या बाजूची उभी कड, जिला कारखान्यांत फ्लँज म्हणतात, ती शेवटची राखणदार. आणि हा सर्व व्यवहार किती जागेवर चालतो म्हणाल, तर चाक व रूळ एकमेकांस टेकतात ती जागा साधारण एखाद्या नाण्याएवढी असते.

चाकाचा चालणारा भाग झिजतो, पण कडेचा माथा रुळास लागत नसल्यामुळें झिजत नाहीं. म्हणून झीज होईल तसतशी कड उंच होत जाते. भारतांतील रुंद मार्गावर, जेथें दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर आहे, नव्या चाकाची कड २८.५ मिलिमीटर उंच असते. ती ३५ च्या वर गेली कीं चाक काढावें लागतें, नाहीं तर ती रुळांच्या सांध्यावरील बोल्टांना जाऊन भिडेल. मधला फरक साडेसहा मिलिमीटरांचा. म्हणजे पेन्सिलीची जाडीहि नाहीं. हें माप पोलादी गेज चाकास लावून घेतां येतें. पण गाडीखालच्या चरांत उभें राहून, दिव्याच्या उजेडांत, एकामागून एक चाकें मोजणाऱ्याचा हात थकतो, डोळाहि थकतो.

म्हणून आतां हें काम प्रकाशाकडे सोंपविलेलें आहे. रुळालगत बसविलेल्या यंत्रांतून लेसरची एक बारीक रेघ चाकावर पडते. सपाट पृष्ठावर सरळ दिसणारी रेघ वळणदार पृष्ठावर वांकते. त्या वांकाचें चित्र कॅमेरा बाजूनें टिपतो. दिवा व कॅमेरा यांमधील अंतर आणि कोन ठाऊक असल्यामुळें, शाळेंत शिकलेल्या त्रिकोणाच्याच हिशेबानें, रेघेवरील प्रत्येक बिंदूची जागा मिळते. गाडी थांबवावी लागत नाहीं, आणि मिलिमीटरच्या दशांशाएवढा फरक कळून येतो.

इतकें झाल्यावर प्रवाशानें निश्चिंत व्हावें काय? ता. ३ जून १९९८ रोजीं म्युनिकहून हँबर्गकडे निघालेली जर्मनीची अतिजलद गाडी एशेडे गावाजवळ ताशीं सुमारें २०० किलोमीटर वेगांत घसरली. डब्याच्या धडकेनें वरचा रस्त्याचा पूल कोसळला आणि १०१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या गाडींतील चाकें अखंड पोलादाचीं नव्हतीं. भोजनाच्या डब्यांतील भांडीं थरथरूं नयेत म्हणून चाकाच्या गाभ्यावर रबराचा थर व त्यावर पोलादी धांव अशी रचना केली होती. लोहार बैलगाडीच्या चाकावर चढवितो तशीच धांव. नव्या चाकाचा व्यास ९२० मिलिमीटर, फुटलें त्या दिवशीं ८६२, आणि परवानगी ८५४ पर्यंतची. म्हणजे व्यासाच्या हिशेबानें तें चाक नियमांत बसत होतें! परंतु धांव पातळ झाली कीं रबरावर प्रत्येक फेऱ्यास ती अधिक लवते, आणि ताण तिच्या आंतल्या अंगावर येतो. तेथेंच, बाहेरून दिसूं न शकणाऱ्या पृष्ठावर, चीर पडली. तें चाक नीट गोल राहिलें नाहीं, अशी नोंद तपासणीच्या यंत्रांनीं आधींच केली होती. पण ती मर्यादा प्रवाशांच्या सुखासाठीं आहे, जिवासाठीं नव्हे, अशी समजूत होती. माझ्या मतें या प्रकरणांतील सर्वांत बोचणारी गोष्ट हीच.

पुढें त्या गाड्यांना अखंड पोलादाचीं चाकें बसविण्यांत आलीं. अशा चाकाच्या पोटांतील चीर शोधण्यास कानांना ऐकूं न येणारा ध्वनि वापरतात. चाकावर पाण्याचा पातळ थर देऊन त्यावर एक स्फटिक टेकवितात. त्याचीं सूक्ष्म कंपनें पोलादांतून सेकंदास सुमारें सहा किलोमीटर वेगानें जातात व पलीकडच्या पृष्ठावरून परततात. वाटेंत चीर असेल तर प्रतिध्वनि लौकर येतो, आणि किती लौकर, यावरून चिरेची खोली कळते. एक अडचण मात्र राहते. चीर ध्वनीच्या वाटेस समांतर असली तर तिच्यावरून जवळजवळ कांहींच परतत नाहीं. म्हणून एकाच चाकांत वरून, बाजूनें व तिरकस अशा निरनिराळ्या कोनांनीं ध्वनि सोडावा लागतो, आणि तेवढा वेळ गाडीला शेडमध्यें उभें राहावें लागतें.