कापलेला विराम



अध्यक्षपद देऊन संयोजकांनी माझा जो बहुमान केला, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विनोदाची आवड टवाळांच्या पदरात टाकणारे समर्थ रामदास याच जालना जिल्ह्यातल्या जांब गावचे. त्यांच्या जन्मभूमीत विनोदी चित्रफिती आणि जाहिराती करणाऱ्यांचा मेळा भरावा, या आगळिकीकडे ते क्षमाशील दृष्टीने पाहतील अशी आशा बाळगून मी कामाकडे वळतो.

अध्यक्षाने अलीकडील निर्मितीचा आढावा घ्यावा असा दस्तूर आहे. २०१४ साली ‘चला हवा येऊ द्या’ने आणि २०१८ साली ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ने दूरचित्रवाणीवर प्रहसनाला घरोघरी मान मिळवून दिला, २०१६ साली सारंग साठये, पॉला मॅकग्लिन आणि अनुषा नंदकुमार यांनी यूट्यूबवर सुरू केलेल्या ‘भाडिपा’ने, वाहिनीची परवानगी न मागताही मराठी विनोद प्रेक्षकाच्या खिशातल्या फोनपर्यंत नेता येतो, हे सिद्ध केले, सातारा जिल्ह्यातल्या ‘कोरी पाटी’च्या मंडळींनी ‘गावाकडच्या गोष्टी’ करून शहराची पायरी न चढताही मालिका होते हे दाखविले. ‘भाडिपा’ने पुढे मुंबईच्या पोलीस शिपायांवर ‘पांडू’ (२०१९) आणि बेकार अभियंत्यांवर ‘बी.ई. रोजगार’ (२०२२) या मालिका केल्या, आणि त्याच हातांनी व्यापारी मालाच्या प्रसिद्धीसाठीही विनोद रचला. जून २०२०मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पाठोपाठ इन्स्टाग्रामच्या रील्स आल्या, आणि ज्याच्याजवळ फोन तो निर्माता अशी अवस्था झाली. आढावा याहून विस्तृत व्हावयास हवा होता. परंतु पुष्कळ वर्षे मनात दाबून ठेवलेली एक तक्रार मला आज आपल्यापुढे मांडावयाची आहे, आणि तिच्यासाठी वेळ राखून ठेवणे मला अधिक अगत्याचे वाटते.

काल परिसंवादात आपण दोन प्रश्नांवर हिरिरीने भांडलात. व्यापाऱ्याच्या पैशाने विनोद भ्रष्ट होतो काय, हा पहिला. माझ्या बालपणी आमच्या गावच्या जत्रेत तमाशाचा सोंगाड्या बतावणी ऐन रंगात आली असता मधेच थांबून, फडाला बिदागी देणाऱ्या आडत्याचे नाव मोठ्याने पुकारी, त्याच्या दुकानाचा पत्ता सांगे, त्याच्या तागडीवर एक कोपरखळीही मारी, आणि आडत्या स्वतः पुढच्या रांगेत बसून सर्वांत मोठ्याने हसे. पैसा उघड होता आणि विनोद शाबूत होता. तेव्हा हा वाद माझ्यापुरता निकालात निघालेला आहे.

दुसरा प्रश्न, चित्रफितींतून आपल्या मराठवाडी बोलीची टिंगल होते काय, हा. होते, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही; पण ती लेखकाच्या लेखणीतून होते असे जे काल सर्वांनी एकमुखाने सांगितले, ते मला मान्य नाही. ती संकलकाच्या टेबलावर होते, आणि बहुधा त्याच्या नकळत होते.

याच शहरातल्या सळईच्या एका कारखान्यासाठी मी एक जाहिरात लिहिली होती. म्हातारा शेतकरी घर बांधायला काढतो, दुकानात येतो, विक्रेता छातीवर हात ठेवून सांगतो, “काका, शंभर वर्षं या घराला काही होत नाही.” म्हातारा सळईकडे पाहतो, मग विक्रेत्याकडे पाहतो, आणि मग म्हणतो, “आन् झालं तं तू सापडशील का?” आमच्या म्हाताऱ्या नटाने त्या दोन पाहण्यांना मिळून तीन सेकंद घेतले, सेकंदाला २५ चौकटींच्या हिशेबाने ७५ चौकटी. जाहिरात संकलित होऊन आली तेव्हा त्या चौकटी अदृश्य झाल्या होत्या. विक्रेत्याचे वाक्य संपते न संपते तोच म्हातारा उत्तर देत होता. शब्द तेच, बोली तीच, नट तोच. पण हिशेबी, सावध, आयुष्यभर अनेकांच्या ग्वाह्या ऐकून शहाणा झालेला माझा शेतकरी नाहीसा होऊन त्याच्या जागी एक तोंडाळ, आगाऊ गावठी उभा होता. विचार करणारा माणूस विचार करताना दिसूच दिला नाही, की त्याच्या तोंडी उरतो तो केवळ उर्मटपणा. आणि तो उर्मटपणा पाहणारा प्रेक्षक माणसाच्या खाती न टाकता बोलीच्या खाती टाकतो.

आपली बोली मुळात सावकाश आहे, ती आळसाने नव्हे. मोंढ्यात भाव कानावर पडल्यावर जो आधी तोंड उघडतो तो बुडतो, हे येथील पोराला शाळेत जाण्यापूर्वी कळते. ज्या जालन्यात बसून बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली, आणि बियाण्यांच्या कार्याबद्दल १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळविला, त्या गावच्या भाषेत मूर्खाखेरीज दुसरे पात्र बोलू शकत नाही असा समज मुंबई-पुण्याच्या टेबलांवर रुजावा, याचा मला संताप येतो, आणि तो लपविण्याचे माझे वय राहिलेले नाही.

संकलकांची बाजू मी जाणतो. दूरचित्रवाणीवर वेळ दहा-दहा सेकंदांच्या भावाने विकला जातो, आणि यूट्यूबवर पाच सेकंद होताच जाहिरात वगळण्याची कळ प्रेक्षकाच्या हाती येते; प्रेक्षक कोणत्या क्षणी उठून गेला याचा आलेखही दुसऱ्या दिवशी ग्राहक कंपनीच्या पुढ्यात असतो. त्या आलेखाचा धाक मोठा आहे. परंतु तो आलेख फार तर माणूस गेला की राहिला एवढेच सांगतो. तो हसला कुठे, हे सांगत नाही. न कापलेली तीच जाहिरात मी एका नातेवाइकाच्या लग्नात, मंगल कार्यालयाच्या पडद्यावर, पंगती उठण्याची वाट पाहत बसलेल्या वऱ्हाडापुढे लावली होती. हशा म्हाताऱ्याच्या वाक्यावर आला नाही. तो वाक्याच्या आधी, त्या ७५ चौकटींत आला. वाक्य तर गलक्यात कित्येकांना ऐकूही गेले नाही.

प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ ज्यांनी रंगभूमीवर पाहिले, त्यांना मी काय म्हणतो ते अधिक सांगावे लागणार नाही. याच बोलीच्या आधारे एकटा माणूस ५२ व्यक्तिरेखा उभ्या करीत होता, आणि एकीतून दुसरीत जाताना तो जे क्षणभर थांबे, त्या थांबण्यातच, निदान माझ्या स्मृतीत तरी, नवा माणूस अंगात येत असे. हल्ली कधी कधी त्या प्रयोगाचे तुकडे रीलमध्ये चटपटीत कापलेले दिसतात. मी ते पाहत नाही.

आता कर्तव्यांविषयी. आपल्या बोलींचा, त्यांच्या विरामांसह, एक ध्वनिसंग्रह व्हावा असे मला वाटते. तो कोणी करावा आणि द्रव्य कोठून यावे, याचा विचार कार्यकारिणीने सवडीने करावा. लेखकाला अंतिम संकलन दाखविल्यावाचून चित्रफीत ग्राहकाच्या हवाली करू नये, एवढ्या एकाच कलमाचा मसुदा मी वकिलाकडून करवून घेतला आहे. भाषा किंचित अवघड झाली आहे, पण ती सुधारता येईल. मसुदा बाहेरच्या टेबलावर आहे, ज्यांना पटेल त्यांनी सही करावी. ज्या संकलक मित्रांना माझे बोलणे म्हाताऱ्याची कुरकूर वाटले असेल, त्यांनी उद्या सकाळी, सौदे सुरू होण्यापूर्वी, मोंढ्यात यावे. सळईच्या जाहिरातीच्या दोन्ही प्रती माझ्याजवळ आहेत. हमालांपुढे आणि आडत्यांपुढे मी त्या लागोपाठ लावीन, आणि माणसे कोणत्या चौकटीवर हसतात याची नोंद तुम्ही स्वतःच्या हाताने करा.