सोन्याचा पारखी हाही कामगारच



बँक कर्मचाऱ्यांच्या प्रश्नांवर आपण अनेक ठराव केले. परंतु त्याच शाखेच्या एका कोपऱ्यात कसोटी व तराजू घेऊन बसणाऱ्या माणसाचा उल्लेख त्यांत क्वचितच आढळतो. सोनेतारण कर्जासाठी आलेले दागिने पारखणारा हा मूल्यांकनकार. त्याच्या दाखल्यावाचून कर्ज मंजूर होत नाही; तरीही हजेरीपटावर त्याचे नाव नसते.

दागिना कसोटीवर घासायचा, उमटलेल्या रेघेवर आम्ल टाकून रंग पाहायचा, खडे, मणी व लाख यांचे वजन वजा करायचे आणि निव्वळ सोने किती व किती कॅरटचे, हे लिहून सही करायची. दागिना वितळवून पाहण्याची मुभा नसते. मुलामा जाड असेल तर कसोटीही फसते. मोबदला म्हणजे बहुधा प्रत्येक कर्जामागे ठरलेले कमिशन, तेही अनेक ठिकाणी कर्जदाराकडूनच वसूल केलेले. कर्जदार आला नाही की दिवस कोरडा. भरपगारी रजा व भविष्यनिर्वाह निधी तर दूरच. उलट त्याच्याकडूनच अनामत व हमीपत्र लिहून घेतात. दागिना खोटा निघाला की भरपाई त्याने करायची, आणि पोलिसांचा संशयही प्रथम त्याच्यावरच!

१९९२ साली पुरी येथील नागरी सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा पारखी औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगार ठरत नाही, असा निर्णय दिला. व्यवस्थापनांना तेवढेच हवे होते. मात्र २००१ साली त्याच न्यायालयाने पिग्मी ठेवी गोळा करणाऱ्यांना कामगार मानले. त्यांचे कमिशन हे कामाच्या प्रमाणात मिळणारे वेतनच आहे, असे म्हटले. तुकड्यावरच्या मजुरीविषयी मार्क्सचे प्रतिपादन याहून फारसे वेगळे नव्हते. मग शाखेच्या छपराखाली, शाखेच्या वेळेत बसणाऱ्या पारख्याला निराळा न्याय का?

काही कॉम्रेड म्हणतात, तो मूळचा सराफ, छोटा व्यापारी. ज्याची पेढी चालते त्याचा विचार वेगळा करू. पण ज्याची उपजीविका केवळ या कमिशनवर आहे त्याला दुकानदार म्हणणे, ही व्यवस्थापनाचीच भाषा झाली.

रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार पारख कर्जदारासमोर व्हावयाची आहे. कर्जदाराच्या दृष्टीने हे योग्यच. पारख्याचे संरक्षण मात्र संघटनेलाच मिळवावे लागेल. किमान मासिक वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि लबाडी सिद्ध झाल्याखेरीज अनामत जप्त न करण्याची हमी, या मागण्या पुढील द्विपक्षीय कराराच्या मागणीपत्रात घालाव्यात आणि त्यापूर्वी प्रत्येक शाखेतील पारख्यांची नोंद करावी, असे मी सुचवतो.