अनोळखी पत्त्यावर पाठवा



प्राचार्य सरांनी फोनवर मला विषय सांगितला होता. "मॅडम, तुम्ही इतकी वर्षं मासिकांत आणि दिवाळी अंकांत गोष्टी लिहिताय. मासिकांतल्या कथा, कविता, विनोद यांवर बोला आणि आमच्या मुलांना थोडं मार्गदर्शन करा." मी लगेच होकार दिला. मार्गदर्शन करीनच. पण आज दुपारी कॉलेजच्या फाटकातून आत आले, वाचनालयाच्या पायऱ्यांशी थांबले आणि घरून काढून आणलेले मुद्दे मागे पडले. पहिल्या रांगेत आमचे ग्रंथपाल सर बसलेत हे स्टेजवर चढताना पाहिलं, तेव्हा तर उरलेसुरलेही गेले. सर, बसा, उठू नका. नमस्कार मीच करायचा.

मुलांनो, मी इथे शिकत होते तेव्हा मासिकं घरी न्यायला मिळत नसत. जाड पुठ्ठ्यात अडकवून ती लांब टेबलावर ठेवलेली असत. 'सत्यकथा'ची एकच प्रत यायची. ती आली की ज्याला वाचायचीय त्याने कागदावर नाव लिहायचं आणि नंबर लागेपर्यंत थांबायचं. आतल्या खोलीत जुन्या मासिकांचे वर्षवार बांधलेले खंड होते. त्या खोलीत सहसा कुणाला सोडत नसत, पण आम्हा दोघी मैत्रिणींना सरांनी सोडलं. अट एकच, पान दुमडायचं नाही. मराठी कथा कुठून आली हे मला वर्गात समजलंच, पण त्याआधी ते त्या खोलीत, जमिनीवर मांडी घालून बसून समजलं.

आपल्या भाषेतली छोटी गोष्ट मासिकांनी वाढवली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केलं आणि त्यात ते 'स्फुट गोष्टी' लिहू लागले. मग १८९५ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' काढलं. मित्र हे मूळचे आजगावकर. बंगाली साहित्याच्या प्रेमापोटी त्यांनी आडनावच बदलून घेतलं. त्यांनी १९०९ मध्ये दिवाळीचा खास अंक काढला. दरवर्षी शेकड्यांनी निघणारे आपले दिवाळी अंक ही त्या एका अंकाची पुढची पिढी. फराळाबरोबर कथा, कविता आणि व्यंगचित्रं वाचण्याची सवय या मातीला अशी लागली आणि ती अजून सुटलेली नाही. सुटू नये असं मला मनापासून वाटतं.

कवितेचं तर नवल आणखी मोठं आहे. जळगावहून १८८७ पासून 'काव्यरत्नावली' नावाचं मासिक निघे. त्यात फक्त कविता असत. नारायण नरसिंह फडणीस यांनी ते वर्षानुवर्षं चालवलं. जळगावातच १९०७ मध्ये कविसंमेलन भरलं, तिथे सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलाने कविता म्हटल्या आणि जाणत्या कवींनी त्याला बालकवी म्हणून गौरवलं. तुमच्यातल्या अकरावी-बारावीच्या मुलांएवढा तो. समोर सगळे मोठे, बहुतेक परके, आणि हा उठून उभा राहिला. मला आज तुम्हाला जे सांगायचं आहे ते याच्याशीच निगडित आहे.

ते सांगते, पण आधी थोडं आपल्या भागाविषयी. सांगलीहून पुण्याच्या गाडीत बसलात की किर्लोस्करवाडी लागते. तिथे लोखंडी नांगराचा कारखाना होता. नांगराची आणि कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी म्हणून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं. शंकरराव किर्लोस्कर संपादक. ते स्वतः चित्रकार. बघता बघता त्या कारखान्याच्या पत्रकात गोष्टी येऊ लागल्या, कविता आल्या, घरातल्या बायकांचे प्रश्न आले. पुढे १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. माळरानावरच्या एका कारखान्याच्या वसाहतीतून अख्ख्या महाराष्ट्राला वाचायला पुरवलं जात होतं! मी मुंबईच्या सभांमध्ये हे सांगते तेव्हा माणसं चकित होतात. तुम्ही चकित होऊ नका. अभिमान बाळगा आणि एकदा जाऊन ते गाव बघून या.

आणि किर्लोस्करवाडी ज्या जुन्या औंध संस्थानात होती, त्यातलंच माडगूळ. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' आधी 'मौज' साप्ताहिकात आली आणि १९४९ मध्ये पुस्तक झालं. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. पाठीशी कॉलेजची पदवी नव्हती. माणदेशातल्या दुष्काळी गावातली, अंगावर धड कपडा नसलेली माणसं त्यांनी लिहिली आणि गिरगावातल्या खटाववाडीत बसलेल्या संपादकांना वाटलं, हे छापायलाच हवं. विचार करा, त्या संपादकांनी माणदेश कुठे पाहिला होता? ओळख नव्हती, नातं नव्हतं. कागद बोलला.

विनोदाचंही तेच. 'सुदाम्याचे पोहे' लिहिणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी मासिकांतून विनोदाला प्रतिष्ठा दिली, 'बाळकराम' नावाने लिहिणारे गडकरी त्यांनाच गुरू मानत. चिं. वि. जोशी बडोद्याला पाली शिकवत आणि इकडे त्यांचा चिमणराव घरोघर पोचला होता. त्याच बडोद्याहून 'अभिरुची' मासिक निघे. पु. ल. देशपांडे विशीत असताना त्यांचा 'भय्या नागपूरकर' त्यात आला. मघाशी इथे ज्या मुलाने विडंबन सादर केलं... कुठे आहेस तू? हां, खांबाशी. बाळ, फार छान म्हटलंस. आचार्य अत्र्यांचा 'झेंडूची फुले' हा विडंबनांचा संग्रह १९२५ चा, म्हणजे तेही तेव्हा ऐन तरुणच. तो वाच. ज्या कवितेची टर उडवायची ती कविता मुळापासून पाठ असावी लागते, हे त्यातून शीक. तुझ्या दुसऱ्या कडव्यात मात्र मात्रा घसरल्या, तेवढ्या नीट कर आणि मग ते पाठव.

पाठव. या एका शब्दासाठी मी आज इथे आले आहे.

मुलांनो, तुम्ही लिहिता हे मला ठाऊक आहे. कॉलेजचं वार्षिक मी पानन् पान वाचून आले. तुम्ही मोबाइलवरही लिहिता, तुमच्या गटात टाकता, पाच मिनिटांत चाळीस मैत्रिणी 'भारी' म्हणतात. त्या मैत्रिणी प्रेमाची माणसं आहेत, ती असू द्यात. पण जे लिहिलंय ते एकदा तरी अशा माणसाकडे पाठवा जो तुम्हाला ओळखत नाही. ज्याला तुमचं आडनाव, गाव, तुमचा चेहरा, तुमच्या घरची परिस्थिती, काहीच माहीत नाही. त्याच्यासमोर फक्त तुमचा कागद असेल. तो कागद तुमच्याशिवाय उभा राहतो का, हे त्या एकाच ठिकाणी कळतं. घरच्यांनी पाठ थोपटल्याने कळत नाही. आम्हा शिक्षकांकडून, पाहुण्यांकडूनही कळत नाही.

मासिकांचा सगळा व्यवहार याच एका गोष्टीवर उभा होता. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहायचं. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट जोडायचं. मग वाट पाहायची, कधी महिनाभर, कधी वर्षभर. गोष्ट नाकारली गेली तर 'साभार परत' येई, स्वीकारली गेली तर पत्र येई आणि अंक निघाल्यावर मानधनाची मनिऑर्डर. पोस्टमनच्या हातातलं पाकीट जाड आहे की पातळ, यावरून लांबूनच निकाल समजायचा. जाड असलं म्हणजे गोष्ट परत आली.

'सत्यकथा'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवख्या लेखकाच्या कथेवरही किती बारकाईने काम करत, हे त्या काळच्या अनेक लेखकांनी लिहून ठेवलंय. सगळ्यांना ते आवडत होतं असं नाही. साठोत्तरीच्या तरुण लेखकांनी त्या मासिकावर कडाडून टीका केली, स्वतःची लघुनियतकालिकं काढली. त्यांची तक्रार खरी होती, कारण एका कचेरीच्या आवडीनिवडीत सगळा महाराष्ट्र मावत नाही. पण त्या तरुणांनीही काय केलं? सायक्लोस्टाइल करून का होईना, अंक काढले आणि परक्या वाचकाच्या हातात दिले. वहीत ठेवून दिलं नाही. मला दोन्ही बाजूंचं सारखंच कौतुक आहे.

आता माझं एक सांगते, कारण ते आपल्या गावाकडचं आहे. हरिपूरची जमिनीखालची हळदीची पेवं तुम्हाला माहीत आहेत. २००५ च्या पुराने त्यांतली पुष्कळ गेली. तुमच्या आजोबांना विचारा, ते सांगतील. मी बी.ए.ला असताना पेवात उतरणाऱ्या एका हमालाची गोष्ट लिहिली आणि एका मासिकाला पाठवली. पाकीट जाड आलं. पण आत गोष्टीबरोबर संपादकांचं चार ओळींचं पत्र होतं. गोष्ट चांगली आहे वगैरे एक ओळ, आणि मग एकच प्रश्न: तुमचा माणूस पेवाचं तोंड उघडल्याबरोबर आत उतरतो, खरंच असं करतात का?

मी हरिपूरला गेले. एका म्हाताऱ्या हमालाला गाठलं. तो म्हणाला, "लगीच उतरला तर मरंल की, बाई." तोंड उघडून पेव कितीतरी वेळ तसंच ठेवायचं. मग दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर आत वारं नाही, कुणी उतरायचं नाही. जळत राहिला तर उतरायचं. हे सांगताना त्याने दोर सोडायची हाताची चाल करून दाखवली, एका हातातून दुसऱ्या हातात, अगदी सावकाश, आणि नजर खाली, जणू खड्डा तिथेच आहे. त्याचा भाऊ असाच गेला होता. ते त्याने शेवटी सांगितलं, मी जायला उठल्यावर.

गोष्ट मी पुन्हा लिहिली. कंदील दोराने खाली जातो आणि काठावर बसलेली माणसं बघत राहतात, एवढीच ती झाली. ती छापून आली. माझ्या वर्गातल्या कुणी, माझ्या घरातल्या कुणी हा प्रश्न मला विचारला नसता, कारण सगळ्यांना वाटत होतं की मला ठाऊकच असणार. मुंबईत बसलेल्या परक्या माणसाने तो विचारला. म्हणून म्हणते, अनोळखी माणसाकडे पाठवा.

आणि हे फक्त लिहिणाऱ्यांना लागू नाही. विज्ञान शाखेची मुलं मागे बसलीत, तुम्हालाही सांगते. तुमचा प्रयोग, तुमचं गाणं, तुमची रांगोळी, तुमच्या शेतातल्या ठिबकाची तुम्ही केलेली नवी जोडणी, काहीही असो, ते ओळखीच्या वर्तुळाबाहेर जाऊ द्या. मुलींनो, तुम्हाला दोनदा सांगते. 'आमच्या मुलीला फार छान येतं' असं घरात म्हणतात आणि ते तिथेच राहतं, हे मी आयुष्यभर पाहत आले. कमल देसाईंनी मिरजेत शिकवलं, आपल्याच भागात राहिल्या. त्यांच्या कथा 'सत्यकथा'त येत आणि मराठी कथा त्या कथांनी वेगळ्या वळणावर नेली. शांता शेळक्यांनी तरुणपणी अत्र्यांच्या 'नवयुग'मध्ये नोकरी केली, रोजच्या रोज दुसऱ्यांचं वाचलं, तपासलं, स्वतःचं लिहिलं. दोघींनीही आपला कागद बाहेर जाऊ दिला.

आता कुणी म्हणेल, मॅडम, मासिकंच कुठे उरलीत? 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडली, खरं आहे. मासिक लावणारी घरं कमी झाली. पण दिवाळी अंक आहेत. 'मौज' आहे, 'हंस' आहे, 'आवाज' आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतून निघणारे कितीतरी लहान अंक आहेत आणि त्यांचे संपादक नव्या नावाची खरोखर वाट पाहत असतात. हे मी ऐकीव सांगत नाही, त्यांच्यातल्या काहींशी माझं दरवर्षी बोलणं होतं. पाकिटावर तिकीटही लावायला नको आता, ईमेल चालते.

वार्षिकाची विद्यार्थी संपादक कोण? उभी राहा बरं. तूच का? त्या नऊवारीवर चष्मा लावलेली? अगं, मग नाच झाल्यावर भेट मला. तुझं संपादकीय चांगलं आहे. अंकातल्या तीन गोष्टी मी पेन्सिलने खूण करून आणल्यात: एसटीच्या शेवटच्या गाडीवरची, बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्या आईची आणि तो वसतिगृहाच्या मेसवरचा विनोदी लेख. तिघांनाही बोलावून घे. बेदाण्याच्या गोष्टीत आई सकाळी किती वाजता शेडवर पोचते आणि हाताला काय लावते, ते त्या मुलीने अजून लिहिलेलं नाही. ते विचारून यायला सांग. दिवाळी अंकांकडे जून-जुलैपर्यंत पोचलेलं बरं असतं, आत्ता जानेवारी आहे, वेळ भरपूर आहे. पत्ते अंकाच्या पहिल्या पानावरच असतात, ग्रंथपाल सर तुम्हाला वाचनालयातून काढून देतील. परत आलं तर त्याच दिवशी दुसरीकडे पाठवायचं.

पडद्यामागे मुली मघापासून घुंगरू बांधून उभ्या आहेत, त्यांना आणखी थांबवत नाही.  चला, सुरू करा तुमचा कार्यक्रम.