झिजलेले नाणे आणि खाल्लेले नाणे
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी डिप्लोमावाला इंजिनिअर, रुळांची देखभाल करणारा माणूस. भाषणाची सवय नाही. पण छंदावर चार शब्द बोला असा आग्रह झाला, म्हणून आधी माझी चूकच सांगतो.

वडिलांच्या जन्मसालचा, १९४१चा, एक पाव आणा आजीने जपून ठेवला होता. नोकरीसाठी गाव सोडताना वडिलांनी तो सोबत आणला, पुढे मला दिला. मी तो हौसेने मऊ प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये घातला. काही वर्षांनी पाहतो तर हिरवा चिकट थर! घाबरून लिंबू-मिठाने घासला. नाणे गुलाबी झाले, राजाचा चेहरा खरबरीत झाला.

मऊ पीव्हीसी प्लॅस्टिक कालांतराने आम्ल सोडते आणि ते तांब्याला खाते. चिकट थर ताजा असेल तर शुद्ध ॲसिटोनने निघतो (विस्तवापासून दूर, खिडकी उघडी ठेवून), पण खालचे खड्डे भरून येत नाहीत.

नुकसान ओळखायचे कसे? रूळ डोक्यावर झिजतो, कारण तिथे चाक लागते. गंजतो तो बहुधा पायाशी, जिथे ओल आणि घाण साचते. नाण्याचेही तसेच. हाताळून झिजलेल्या नाण्यावर उंच भाग, म्हणजे गाल, केस, मुकुट, आधी सपाट होतात. खोलगट भाग शाबूत राहतो. रसायनाने खाल्लेल्या नाण्यावर मोकळ्या जागेतही बारीक खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट होतात. दहापट भिंग घ्या आणि नाणे दिव्याखाली तिरपे फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर चकाकीचा पट्टा फिरतो. आम्लात बुडवलेले नाणे पांढरे दिसते, पण निर्जीव.

वजनही करा. १९३९ पर्यंतचा राणी-राजाछाप चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा. छाप ठसठशीत, पण वजन कमी आणि पृष्ठभाग खरबरीत असेल तर आम्लाचा किंवा बनावटीचा संशय घ्यावा.

चांदीवरचा काळपटपणा मात्र बहुतेक वेळा गंधकाचा पातळ थर असतो. त्याला हात लावू नका. तांब्यावरचा कठीण तपकिरी थरही राहू द्या. पण पुसूनही पुन्हा येणारी फिकट हिरवी भुकटी हा क्लोराइडचा रोग आहे. ते नाणे वेगळे आणि कोरडे ठेवा.

लक्ष्मीपूजनाचे जुने रुपये आपल्या घरोघरी आहेत. भगिनींना विनंती, यंदा त्यांना चिंच, लिंबू, पावडर लावू नका. हळदकुंकू मऊ ब्रशने झटका, लागलेच तर डिस्टिल्ड वॉटरने धुऊन टिपून कोरडे करा आणि आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवा.

वडील आता नाहीत. तो पाव आणा मी अजून ठेवला आहे. बाजारात त्याला किंमत नाही. पण नवे नाणे हाती आले की आधी तो बाहेर काढून पाहतो.

गणपती बाप्पा मोरया!